दीड मिनिटाचं राष्ट्रगीत, तेरा वर्षांची भटकंती

२००९ साली जपानच्या क्योतो शहरातला एक नवा बास्केटबॉल संघ तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. संघात एक अमेरिकन गार्ड होता. गार्ड म्हणजे संघातला त्यातल्या त्यात बुटका खेळाडू, जो चेंडू पुढे आणतो, चाल रचतो आणि संधी मिळाली की लांबून बास्केट करतो. याची उंची सहा फूट एक इंच आणि वय चाळीस. या वयात बहुतेक खेळाडू टीव्हीवर समालोचन करत असतात किंवा गुडघ्यांची ऑपरेशनं करून घेत असतात. हा मात्र परदेशातल्या छोट्या लीगमध्ये आपल्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान पोरांबरोबर धावत होता आणि दोन हंगाम धावला.

त्याचं नाव महमूद अब्दुल-रऊफ. क्योतोच्या आधी तो तुर्कस्तानात फेनरबाहचेकडून खेळला, रशियात पेर्म शहरातल्या उराल ग्रेटकडून, इटलीत रोझेतोकडून, ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीच्या आरिसकडून, सौदी अरेबियात अल-इत्तिहादकडून. मधे एक तुटपुंजा एनबीए हंगाम. पासपोर्टवरचे शिक्के मोजले तर वाटेल, काय जग पाहिलं या माणसाने! पण हा प्रवास हौसेचा नव्हता. ज्या लीगमध्ये खेळण्यासाठी जगभरातली पोरं जीव टाकतात त्या एनबीएची दारं त्याच्यासाठी एक-एक करून बंद झाली होती. कागदावर कुणीही काहीही लिहिलं नव्हतं. आपल्या वाचकांना ही पद्धत अनोळखी नसावी, म्हणून त्यांची गोष्ट सविस्तर सांगतो.

जन्म १९६९, मिसिसिपी राज्यातलं गल्फपोर्ट. जन्मनाव ख्रिस जॅक्सन. आईने एकटीने तीन मुलगे वाढवले, घरी गरिबी. त्यात या पोराला सारखे झटके यायचे, मान उडायची, तोंडातून आवाज निघायचे. शाळेत चौथीचं वर्ष पुन्हा करावं लागलं. मुलगा 'तसा' आहे असं लोक समजायचे. तो टूरेट सिंड्रोम नावाचा मज्जासंस्थेचा आजार आहे हे कळायला वयाची सतरा वर्षं जावी लागली. गरीब काळ्या वस्तीतल्या मुलाच्या आजाराला नाव मिळायला इतका वेळ लागतो, हेही नोंदवून ठेवायला हवं. या आजाराने त्याला एक विचित्र शिस्त दिली. एखादी कृती मनाला 'बरोबर' वाटेपर्यंत ती पुन्हा पुन्हा करावीच लागायची. बुटाची नाडी असो की बास्केटबॉलचा शॉट. चेंडू जाळीतून गेला एवढ्याने भागत नसे, जाळीचा आवाजही जसा हवा तसाच यायला हवा. नाही आला, तर पुन्हा पहिल्यापासून. अशा तासन्‌तासांतून जो नेमबाज तयार झाला तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात पहिल्याच वर्षी सरासरी ३०.२ गुण करून बसला. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी हा राष्ट्रीय विक्रम होता. दुसऱ्या वर्षी त्याच संघात शकील ओनील नावाचा एक आडदांड मुलगा आला. पुढे ओनीलचं काय झालं ते जगाला माहीत आहे.

१९९० च्या निवडीत डेन्व्हर नगेट्सने जॅक्सनना तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. विद्यापीठातल्या प्रशिक्षकाने त्यांच्या हातात माल्कम एक्सचं आत्मचरित्र दिलं होतं. ते वाचून डोक्यात चक्रं फिरायला लागली. १९९१ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि १९९३ मध्ये नाव बदललं. धर्म बदलणं आणि नाव बदलणं म्हणजे काय, हे नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याला दुसऱ्याने दिलेलं नाव खाली ठेवायचं आणि स्वतः निवडलेलं उचलायचं, एवढा त्याचा अर्थ. पण ज्यांनी ते पहिलं नाव दिलेलं असतं त्यांना मात्र आपला काहीतरी घोर अपमान झाल्यासारखं वाटतं.

खेळ तर बहरातच होता. १९९३ मध्ये लीगमधला सर्वाधिक सुधारणा केलेला खेळाडू म्हणून पुरस्कार. १९९३-९४ च्या हंगामात २२९ फ्री थ्रोपैकी २१९ बरोबर, म्हणजे ९५.६ टक्के, त्या वेळचा विक्रम थोडक्यात हुकला. त्याच हंगामाच्या शेवटी आठव्या मानांकनाच्या डेन्व्हरने पहिल्या मानांकनाच्या सिॲटलला हरवलं, एनबीएच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. डिसेंबर १९९५ मध्ये त्यांनी युटाविरुद्ध एका सामन्यात ५१ गुण केले. मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सने १९९५-९६ च्या हंगामात ८२ पैकी ७२ सामने जिंकले. जे दहा हरले त्यातला एक फेब्रुवारीत डेन्व्हरमध्ये हरले, आणि त्या रात्री अब्दुल-रऊफ यांचे गुण होते ३२. हे आकडे मुद्दाम देतोय, कारण पुढे कुणी तरी म्हणेलच की 'मेरिट' कमी पडलं असेल. आपल्याकडे हा शब्द कसा वापरतात ते आपण रोज ऐकतो.

त्याच हंगामात ते राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहत नव्हते. घोषणा नाही, पत्रकार परिषद नाही, हात वर करून मूठ आवळणं नाही. कधी कपडे बदलायच्या खोलीत थांबायचे, कधी बाकावर बसायचे, कधी पाय ताणत असायचे. महिनोन्‌महिने हे चाललं आणि हजारो प्रेक्षकांपैकी कुणाचं काही बिघडलं नाही. मार्च १९९६ मध्ये विषय स्थानिक रेडिओवर गेला, पत्रकारांनी विचारलं, आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं. हा झेंडा त्यांना दडपशाहीचं प्रतीक वाटतो, या देशाचा तसा इतिहास आहे, आणि त्यांचा धर्म त्यांना देवाखेरीज कुणापुढे अशी भक्ती करू देत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. अमेरिकेत चांगलंही आहे आणि वाईटही आहे, असंही ते बोलले होते. त्यातला पहिला अर्धा भाग कुणाच्या लक्षात राहिला नाही.

१२ मार्च १९९६ रोजी एनबीएने त्यांना निलंबित केलं. खेळाडूंनी राष्ट्रगीताच्या वेळी रांगेत सन्मानपूर्वक उभं राहावं असा नियम लीगच्या पुस्तकात आहे, तो दाखवण्यात आला. एका सामन्याचा पगार कापला गेला, ३१,७०७ डॉलर. दोन दिवसांत तोडगा निघाला. उभं राहायचं, पण मान खाली घालून स्वतःची प्रार्थना म्हणायची. १५ मार्चला शिकागोत ते तसेच उभे राहिले. हात तोंडासमोर, डोळे मिटलेले. जगभर फिरलेला त्यांचा फोटो तोच. प्रेक्षकांतून हुर्यो उठली. त्याच दिवसांत डेन्व्हरच्या एका रेडिओ केंद्राची माणसं तिथल्या एका मशिदीत घुसली आणि आत जाऊन त्यांनी राष्ट्रगीत वाजवलं. लोक नमाजाच्या जागी होते. हा विनोद होता म्हणे. देशभक्तीचा विनोद नेहमी दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळाच्या दारातच का सुचतो, हा प्रश्न मला आपल्याकडच्या मिरवणुका पाहतानाही पडतो.

आपले म्हणावेत असे लोकही त्या वेळी त्यांच्या बाजूने फार बोलले नाहीत. हकीम ओलाजुवान हे त्या काळातले लीगमधले सर्वांत मोठे मुसलमान खेळाडू. चांगला मुसलमान चांगला नागरिक असतो, असं म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. खेळाडूंची संघटना पाठीशी उभी राहिली खरी, पण लीगमधल्या बहुसंख्य काळ्या खेळाडूंपैकी मोठी नावं गप्प होती. त्यांना दोष द्यायला मी धजत नाही. करारावर सही करणारे मालक जवळजवळ सगळे गोरे होते, आणि बुटांच्या जाहिराती कुणाला नको असतात?

मग सुरू झाली ती गोष्ट जिला आपण बहिष्कार म्हणतो. हंगाम संपल्यावर जून १९९६ मध्ये डेन्व्हरने आपल्या संघात सर्वाधिक गुण करणाऱ्या खेळाडूला सॅक्रामेंटोला देऊन टाकलं. बदल्यात मिळाले दुखापतींनी त्रस्त असलेले शारुनास मार्चुल्योनिस आणि दुसऱ्या फेरीतली एक निवड. मार्चुल्योनिस डेन्व्हरकडून जेमतेम १७ सामने खेळले. घरातला बैल विकून त्याबदल्यात बैलाची घंटा आणावी, तसा हा सौदा. सॅक्रामेंटोत अब्दुल-रऊफ यांना खेळायला मिळणारी मिनिटं कमी होत गेली. हेही मान्य करायला हवं की १९९७-९८ मध्ये डोळ्याच्या आजाराने ते बराच काळ बाहेर होते आणि त्यांचे आकडे घसरले होते. आजारपण खरं होतं. पण एकोणतीस वर्षांचा, पूर्वी सरासरी १९ गुण आणि जवळपास सात असिस्ट करणारा, फ्री थ्रो रेषेवर जवळजवळ न चुकणारा गार्ड करारमुक्त होतो आणि एवढ्या मोठ्या लीगमध्ये त्याला साधं चाचणीला बोलवायलाही रांग लागत नाही, याचं उत्तर डोळ्याच्या आजारात सापडत नाही. दरवर्षी अशा आजारांतून उठलेले, याच्यापेक्षा कमी कुवतीचे खेळाडू बाकावर जागा मिळवतातच.

माझ्या गावात वाळीत टाकण्याची पद्धत होती. माझे आजोबा तिचं वर्णन करायचे ते अगदी साधं असायचं. कुणी दवंडी पिटत नसे. सकाळी दुकानदार म्हणे, मीठ संपलंय. दुपारी गिरणीवाला म्हणे, पट्टा तुटलाय. संध्याकाळी शेतमालक म्हणे, उद्या काम नाही. प्रत्येकाकडे आपापलं कारण, आणि एकेकटं पाहिलं तर प्रत्येक कारण पटण्यासारखं. सगळी कारणं एकाच घराच्या दाराशी येऊन थांबतात तेव्हाच कळतं की बैठक कुठे तरी झाली आहे, किंवा बैठकीची गरजच पडलेली नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला तो यासाठीच. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिलं, ते काही अलंकार म्हणून नव्हे.

एनबीएमध्ये असं आधीही झालं होतं. क्रेग हॉजेस, तोही गार्ड, शिकागो बुल्सचा. सलग तीन वर्षं, १९९० ते १९९२, लांबून नेम धरण्याच्या स्पर्धेचा विजेता, आणि १९९१ व १९९२ च्या अजिंक्य संघांतला. व्हाइट हाऊसमध्ये सत्काराला गेला तेव्हा अंगात आफ्रिकी दाशिकी घालून गेला आणि थोरल्या बुशसाठी एक पत्र घेऊन गेला. पत्रात काळ्या आणि गरीब लोकांच्या हालांबद्दल लिहिलं होतं. १९९२ मध्ये बुल्सने त्याला सोडलं आणि दुसऱ्या कुणीही घेतलं नाही. तो इटलीत जाऊन खेळला. पुढे त्याने लीगवर खटला भरला, तो टिकला नाही. कसा टिकणार? न झालेल्या फोनचा पुरावा कुठल्या कोर्टात दाखल करायचा?

परदेशी लीग हा या व्यवस्थेचा सोयीस्कर भाग आहे. माणूस उपाशी मरत नाही, त्यामुळे त्याच्यावर अन्याय झाला असं कुणी म्हणत नाही. तुर्कस्तानात, ग्रीसमध्ये पैसे मिळतात, घर मिळतं, गाडी मिळते. मात्र तिथे अमेरिकन खेळाडू हा 'परदेशी कोट्यातला' मजूर असतो. एका संघात असे किती ठेवायचे याला मर्यादा असते, आणि ज्याच्यासाठी जागा अडवली आहे त्याने रोज गुण आणलेच पाहिजेत. दोन सामने वाईट गेले की नवा माणूस विमानात बसलेला असतो. पगार थकवणं हे तर इतकं सर्रास होतं की आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाला २००७ मध्ये जिनिव्हात खास लवाद उभारावा लागला. त्याच्यापुढे येणारे खटले मुख्यतः क्लबांनी बुडवलेल्या पैशांचे असतात. दुबई किंवा रियाधला बांधकामावर गेलेल्या आपल्या माणसांशी याची तुलना करणार नाही, त्यांचे हाल फार वेगळे आहेत. पण करार हातात असून पगारासाठी दारोदार फिरायची गत दोघांनाही ठाऊक आहे.

बाईंचं तर आणखीच. अमेरिकेतल्या महिला लीगमध्ये पगार इतका कमी होता की वर्षानुवर्षं उत्तम खेळाडू हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीनमध्ये खेळून पोट भरत. डायना टॉरासी ही बहुधा सर्वश्रेष्ठ महिला गार्ड. येकातेरिनबुर्गच्या क्लबने तिला एवढे पैसे दिले की २०१५ चा अमेरिकन हंगाम तिने विश्रांतीसाठी सोडूनच दिला. त्याच क्लबकडे जाणारी ब्रिटनी ग्राइनर फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि दहा महिने कैदेत राहिली. २०२० मध्ये सामन्याआधी राष्ट्रगीत वाजवू नये असं ती म्हणाली होती. ती तुरुंगात असताना त्याच वाक्यावरून तिची टिंगल करणारे कमी नव्हते. सुटून आल्यावर ती राष्ट्रगीताला उभी राहिली. मला ते दोन्ही प्रसंग सारखेच प्रामाणिक वाटतात. परदेशी तुरुंगातून परतलेल्या बाईने कशासाठी उभं राहावं, हे बाहेरच्याने ठरवू नये.

आणि परदेश म्हणजे मोकळीक असंही नाही. ज्या तुर्कस्तानने अब्दुल-रऊफ यांना खेळायला जागा दिली, त्याच तुर्कस्तानच्या सरकारने २०१७ मध्ये आपल्याच एनेस कांतर या एनबीए खेळाडूचा पासपोर्ट रद्द केला, कारण तो सरकारविरुद्ध बोलत होता. प्रत्येक देशाला दुसऱ्या देशाचा बंडखोर परवडतो.

आता घराची गोष्ट. अब्दुल-रऊफ यांनी मिसिसिपीत, गल्फपोर्टच्या उत्तरेला नेकेझ भागात घर बांधलं होतं. त्याच्यावर 'केकेके' ही अक्षरं रंगवली गेली. ती कुणाची सही आहे हे सांगायला नको. २००१ मध्ये ते रिकामं घर जळून खाक झालं. त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, मिसिसिपीत राज्याच्या ध्वजावर सार्वमत झालं होतं. त्या ध्वजाच्या कोपऱ्यात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याचं चिन्ह होतं. ते ठेवायचं की काढायचं? दर तीन मतदारांपैकी जवळजवळ दोघांनी ठेवा म्हणून मत दिलं. ते चिन्ह २०२० मध्ये निघालं. म्हणजे ख्रिस जॅक्सन शाळेत गेला तो त्या ध्वजाखाली गेला, आणि महमूद अब्दुल-रऊफ यांचं घर जळलं तेव्हाही कचेऱ्यांवर तोच ध्वज होता. अशा माणसाला झेंडा दडपशाहीचा वाटला, तर त्याने इतिहास वाचला होता एवढंच म्हणता येईल. राष्ट्रगीताचंही तसंच. १९३१ मध्ये अधिकृत झालेलं ते गीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की स्वतः गुलाम बाळगणारा होता, आणि सहसा न गायल्या जाणाऱ्या तिसऱ्या कडव्यात गुलामांचा उल्लेख आहे तोही काही प्रेमाचा नाही.

त्यांची सगळीच मतं मला पटत नाहीत. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर टीव्हीवर त्यांनी ज्या शंका बोलून दाखवल्या त्या मला चुकीच्या आणि घातक वाटतात. पण बसण्याचा हक्क ज्याची सगळी मतं पटतात त्यालाच द्यायचा, तर तो हक्क कसला?

इथे आपले काही मित्र अस्वस्थ होतील हे मला माहीत आहे. आपण संविधान मानणारे लोक. तिरंगा आपल्या वस्तीत लागतो तो मनापासून लागतो, २६ जानेवारीला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ राष्ट्रगीत म्हणताना माझाही ऊर भरून येतो. मी उभा राहतो. पण थिएटरमध्ये उभा राहतो तेव्हा एक वेगळी गोष्ट होते. महाराष्ट्रात २००३ पासून सिनेमाआधी राष्ट्रगीत वाजतं. पडद्यावर ध्वज फडकत असतो आणि पुढच्या रांगेतला एखादा गृहस्थ पडद्याकडे न पाहता मागे वळून पाहत असतो, कोण उठलं, कोण नाही. माझ्या वडिलांचे गुडघे गेले आहेत. एकदा ते खुर्चीच्या हाताचा आधार घेत उठेपर्यंत पहिली ओळ संपली होती, आणि एका तरुणाने 'काका, लवकर' असं म्हटलं. वाईट काहीच बोलला नाही तो. पण वडिलांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. पाटील रस्त्याने निघाला की महारवाड्यातल्या ओट्यांवरून सगळ्यांनी उठायचं, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. उशीर केला तर विचारणा व्हायची. २०१६ मध्ये पणजीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला राष्ट्रगीताला उठला नाही म्हणून मारलं गेलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या थिएटरांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं, आणि ९ जानेवारी २०१८ ला तोच आदेश ऐच्छिक केला. खरं तर १९८६ मध्येच, केरळातल्या तीन शाळकरी मुलांच्या खटल्यात, याच न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं होतं. ती मुलं आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत.

जातीची व्यवस्था ग्रंथांत आहे तितकीच ती शरीरात आहे. कुणी बसायचं, कुणी उठायचं, कुणी चप्पल हातात घ्यायची, कुणी मिशी ठेवायची. तमिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यातल्या कच्चनत्तममध्ये मे २०१८ मध्ये तीन दलितांना ठार मारलं गेलं, आणि त्यामागच्या कारणांत सवर्णांसमोर पायावर पाय टाकून बसणं हेही सांगितलं गेलं. म्हणून जेव्हा एखाद्या काळ्या माणसाला किंवा आपल्या माणसाला 'नीट उभा राहा' असं सांगितलं जातं, तेव्हा त्या वाक्यात राष्ट्र किती आणि पाटील किती, हे तपासणं भाग आहे.

आपल्याच इतिहासात हा प्रश्न आधी विचारला गेला आहे. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत गांधींच्या तोंडावर बाबासाहेबांनी सांगितलं की आपल्याला मायभूमीच नाही. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' विशेषांकात राजा ढालेंनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाला असलेली शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला मिळणारी शिक्षा शेजारी शेजारी ठेवल्या, आणि महाराष्ट्र खवळला. खवळला तो ध्वजाच्या उल्लेखाने. स्त्रीच्या विटंबनेबद्दल तेवढा खवळल्याचं स्मरणात नाही. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली, आणि तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ढाले आणि अब्दुल-रऊफ यांच्यात चोवीस वर्षांचं आणि दोन खंडांचं अंतर आहे. तरी प्रश्न तोच होता, आणि तो ऐकून जे लोक संतापले तेही एकमेकांना ओळखीचे वाटले असते. २०२१ मध्ये ऑलिंपिक उपांत्य सामन्यात भारतीय महिला हॉकी संघ हरला तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून, नाचून, संघात फार दलित घेतले म्हणून हरले असं ओरडणारे सवर्ण तरुण राष्ट्रगीताला उभे राहत असणार. अगदी ताठ.

अब्दुल-रऊफ यांनी शिकागोत तडजोड केली, म्हणजे ते झुकले, असं म्हणणारे डावीकडचे लोकही आहेत. मला ते मान्य नाही. ते उभे राहिले, पण त्या दीड मिनिटात ओठांवर काय असेल हे त्यांनी लीगला ठरवू दिलं नाही. आणि जर ती शरणागती होती, तर शरण आलेल्या माणसाला लीगने ठेवून घेतलं असतं. तसं झालं नाही. २०००-०१ मध्ये व्हँकुव्हरने ४१ सामने दिले, बहुतेक वेळ बाकावर. त्यानंतर एनबीएतून कुणीही बोलावलं नाही.

२०१६ मध्ये फुटबॉलपटू कॉलिन कॅपरनिक राष्ट्रगीताला आधी बसला, मग गुडघ्यावर टेकला, आणि २०१७ नंतर त्यालाही कुणी करार दिला नाही. त्यानंतर पत्रकारांना अचानक अब्दुल-रऊफ आठवले. कॅपरनिकला निदान एक सोय होती, लोकांकडे फोन होते, चित्रफिती होत्या, पाठीशी एक चळवळ होती. १९९६ मध्ये एका माणसाची बाजू सांगायला जे माध्यम होतं तेच त्याला झोडत होतं. दुसरीकडे कॅपरनिकला एका गोष्टीत जास्त फटका बसला. अमेरिकन फुटबॉलला परदेशात फारसा बाजार नाही. त्याला पेर्मही नव्हतं आणि क्योतोही नव्हतं. त्याच सुमारास फिल जॅक्सन या नामवंत प्रशिक्षकाने स्टेफ करीचा खेळ पाहून अब्दुल-रऊफ आठवतात असं लिहिलं आणि नव्या पिढीने जुन्या चित्रफिती शोधून पाहिल्या. तुम्हीही पाहा. चेंडू हातातून सुटायला लागणारा वेळ पाहा. २०१७ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते बिग थ्री या तीन-तीन खेळाडूंच्या लीगमध्ये उतरले, तेव्हाही तो वेळ फारसा वाढलेला नव्हता.

२०२० मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाने त्यांचा ३५ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. त्याच वर्षी जुलैच्या शेवटी, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, ओरलँडोत एनबीएचा हंगाम पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात दोन्ही संघांचे खेळाडू, प्रशिक्षक, पंच, सगळे राष्ट्रगीताला गुडघ्यावर बसले. कुणाचाही पगार कापला गेला नाही. लीगने सांगितलं की या वेळी नियम लावणार नाही. नियम रद्द केला असं मात्र म्हटलं नाही. काही महिन्यांनी डॅलसच्या संघाने घरच्या सामन्यांत राष्ट्रगीत वाजवणंच बंद केलं होतं असं उघड झालं, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये लीगने लगेच फर्मान काढलं की सगळ्या संघांनी ते वाजवलंच पाहिजे. दुसऱ्याच सामन्यापासून डॅलसमध्ये ते पुन्हा वाजू लागलं. १२ मार्च १९९६ ला अब्दुल-रऊफ यांना दाखवलेलं ते कलम पुस्तकात आहे तिथेच आहे.